तारांखालची पाटी

रोहणा, ता. आर्वी
४ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस अ. आ.

तुझी गिटार काल दुपारच्या गाडीने पोचली. कंडक्टरने ती टपावर न टाकता सीटवर ठेवून आणली. तारा मोजल्या, सहा भरल्या. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि अर्ध्या ऐकण्यावर काम करायला मी भितो, म्हणून जे सांगायचं ते कागदावर सांग.

वरवर पाहणी केली. पट्टा अडकवायची गुंडी हातातच आली, तिच्या स्क्रूचं भोक लाकडात मोठं झालं आहे. वायर खुपसायची जागा गरगर फिरते. वरच्या सहा खुंट्यांपैकी चार खुंट्यांचे नट हलतात. चाळीस वर्षं मी सायकली दुरुस्त केल्या, पण सायकल लोखंडाची असते, चुकलं तर ठोकून सरळ करता येतं. लाकूड तडकलं तर काय करायचं? वर्ध्यात कोणी जाणकार असेल तर त्याच्याकडे नेऊ का? पण तिथवर नेताना आपटली तर?

मी ती गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे आणि किल्ली कमरेला लावली आहे. तुझी आजी म्हणते, आता तिले पाळण्यात टाका अन् झोका देत बसा. तिला मस्करी सुचते.

काम किती तारखेपर्यंत पाहिजे ते लगेच कळव. वेळेवर जेवत जा, आणि आमची आठवण राहू दे.

तुझा आबा,
अण्णाजी

नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजींच्या चरणी मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

कमरेची किल्ली काढून ठेवा. ती गिटार चोरून नेईल असा माणूस अख्ख्या रोहण्यात नाही. नेलीच तर दोन दिवसांत परत आणून देईल.

झालं असं की सेलूच्या कार्यक्रमात गाणं ऐन रंगात असताना गुंडी निघाली आणि गिटार खाली घसरली. मी ती गुडघ्यावर झेलली आणि पुढचं खाली बसून वाजवलं. लोकांना वाटलं हे ठरवूनच केलं, त्यांनी शिट्ट्या मारल्या. हेमराजभाऊंनी नाही मारली. हे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. सगळ्यांसमोर म्हणाले की पोरगी वाजवते बरी, पण तिच्या गिटारचा भरवसा नाई.

त्यांचा नेहमीचा गिटारवाला रायपूरला चालला आहे. आतापर्यंत मी फक्त त्याच्या सुट्टीच्या दिवशी उभी राहत होते. आता २४ तारखेला, रविवारी दुपारी, माझं आणि कामठीच्या एका मुलाचं वाजवणं ऐकून दोघांपैकी एकाला लग्नसराईसाठी पक्कं ठेवणार आहेत. बाबांनी मला तेवढीच मुदत दिली आहे. तिथे जागा मिळाली नाही तर डिसेंबरपासून घरी यायचं आणि आर्वीच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसायचं. त्यांनी तिथे शब्द टाकून ठेवला आहे.

इथल्या दुकानात पंधरा दिवस लागतील म्हणाले, आणि त्यांच्यापेक्षा माझा तुमच्या हातावर विश्वास आहे. वर्ध्याला नेऊ नका. जे जे ढिलं दिसेल ते आवळा, बस. माझी एवढीच सूचना आहे.

आजीला नमस्कार. माया आहे ती अशीच राहू द्यावी.

आपली,
मोहिनी

रोहणा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस अ. आ.

हे पत्र गिटारसोबतच पाठवतो. भावना मास्तरीण उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला माहेरी चालली आहे, ती तुझ्या हातात देईल. मांडीवर घेऊन जा, असं तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, आबाजी, आता तुमीच बसा गाडीत.

केलं ते लिहितो. गुंडीच्या भोकात बांबूच्या बारीक काड्या गोंदात बुडवून ठासल्या. नत्थूजी सुताराला विचारलं होतं, तो म्हणाला सागवान चिरते, बांबू धरून ठेवते. दोन दिवस सुकू दिलं, मग स्क्रू बसवला. आता त्या गुंडीवर पाण्याची भरली बादली टांग. वायरच्या जागेचा नट बाहेरून नुसता फिरवला तर आतल्या तारा पिळल्या असत्या, म्हणून तिथली छोटी झाकणी उघडून आतून बोटाने धरलं, दातेरी वायसर घातला आणि मग आवळलं. खुंट्यांचे सगळे नट बसवले.

आणखी एक दोष सापडला, तो तू कळवला नव्हता. तारांखालची लोखंडी पाटी मागच्या बाजूने उचकटलेली होती, खाली पोस्टकार्ड सरकेल एवढी. तारा सैल करून तिचे सहाही स्क्रू शेवटपर्यंत बसवले. आता तसूभर हलत नाही.

तू म्हणशील म्हातारा फार आवळतो. एकोणनव्वद साली तुझ्या बाबाच्या, सचिनच्या, सायकलीच्या पुढच्या चाकाचा नट मी बोटाने लावून ठेवला, जेवून आल्यावर पाना मारू म्हणून. तेवढ्यात सचिन ती सायकल घेऊन शाळेत निघाला. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही, तो तेव्हापासून. त्यानंतर माझ्या हातून ढिलं काही बाहेर गेलं नाही.

उद्या नीट वाजव. काय झालं ते मात्र चांगलं असो की वाईट, खरं लिही. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,

अण्णाजी

नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आबाजींस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही खरं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. भावनाताईंनी गिटार वेळेवर दिली. गुंडी दगडासारखी बसली आहे. वायरची खरखर गेली.

पण ती पाटी तशीच असते, आबाजी. ती थोडी उचललेलीच पाहिजे. तिला एक सुटी दांडी लावतात, ती इथे माझ्याजवळ होती. ती दाबली की पाटी झुलते आणि तिच्याबरोबर सूर झुलतो. स्क्रू शेवटपर्यंत गेल्यामुळे आता ती झुलत नाही. हे मला हेमराजभाऊंसमोर पहिलं गाणं चालू असतानाच कळलं. जवळ पेचकस नव्हता आणि थांबायची सोय नव्हती. जिथे दांडी लागते तिथे मी बोटाने तार ओढून वेळ मारून नेली.

कामठीच्या मुलाने चांगलं वाजवलं. हेमराजभाऊ आठ दिवसांत सांगतो म्हणाले.

जे जे ढिलं ते आवळा, असं मीच लिहिलं होतं. चूक माझी आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि जेवण टाकू नका. आजीने तसं कळवलं तर मी रागावेन.

आपल्या मायेची,
मोहिनी

रोहणा
२९ नोव्हेंबर २०२४

रा. रा. हेमराजजी यांस अण्णाजी, मु. रोहणा, याचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आपला पत्ता माझ्या नातीच्या गिटारच्या पिशवीवर छापला होता, तो गिटार इथे होती तेव्हाच उतरवून घेतला होता. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

२४ तारखेला मोहिनीने आपल्यासमोर जे वाजवलं त्यात दांडीचं काम झालं नाही. तो दोष तिच्या हाताचा नाही. तारांखालची पाटी मी आवळली. ती ढिली ठेवायची असते हे मला माहीत नव्हतं. सायकलीत असं काही नसतं.

स्क्रू सोडून तिला एकदा पुन्हा ऐकावं, एवढी विनंती. मग आपण जो निर्णय घ्याल तो कबूल. तिला हे पत्र दाखवू नये. कामठीच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, तोही कोणाचा नातू असेल.

राग मानू नये. अनोळखी माणसावर एवढी कृपा केली तरी पुरे.

आपला नम्र,
अण्णाजी

नागपूर
५ डिसेंबर २०२४

ती. आबाजींस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हेमराजभाऊंनी सरावाला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ढोलकवाला सूरज तेव्हापासून मला पाटीबाई म्हणतो. मी दोन दिवस तुमच्यावर चिडलेली होते, म्हणून हे पत्र उशिरा.

त्या रविवारी काही कमी पडलं हे हेमराजभाऊंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं ही दांडी न वापरताच वाजवते. तुमच्या पत्रामुळे त्यांना ते कळलं. मंगळवारी मला बोलावून स्क्रू सोडायला लावले. दांडी छान चालली, मी मनासारखं वाजवलं. पण पाटी झुलत राहिल्यामुळे तिसऱ्या गाण्यापर्यंत तारा सुरातून उतरल्या, मला सूर लावायला थांबावं लागलं. ते म्हणाले, तिकडे नवरी मांडवात येऊन राह्यली अन् तू खुंट्या पिळत बसशील काय. मग त्यांनी स्वतः पेचकस घेऊन सहाही स्क्रू बसवले आणि तासभर वाजवून घेतलं. एकही तार उतरली नाही.

मला पक्कं ठेवलं आहे. अट एकच, पाटी घट्ट राहील आणि दांडी माझ्या सामानाच्या पेटीत राहील. कामठीच्या मुलाला पुढच्या हंगामात बघू म्हणाले. बाबांना कळवलं आहे.

दांडी मी पेटीत ठेवली. दोन गाणी मी केवळ तिच्यासाठी शिकले होते. ती स्टेजवर वाजवीन, पण सपाट वाजतील. हे फक्त तुम्हाला लिहिते. बाकी सगळे पेढे मागत आहेत.

आपली,
मोहिनी

रोहणा
१० डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस अ. आ.

पत्र मिळालं. सचिनने जिनिंगवाल्यांना नकार कळवला. निरोप द्यायला स्वतः आर्वीला गेला, आणि परत आल्यावर मला म्हणाला, तुमच्या चिठ्ठीनं पोरीचं नशीब काढलं. मी त्याला म्हटलं, चिठ्ठीने नाही. तासभर वाजवलं तिने.

हेमराजजींचं बरोबर आहे. मांडवात खोळंबा झालेला कोणाला चालत नाही. पण ती दोन गाणी माझ्या मनातून जात नाहीत. स्क्रू मीच पहिल्यांदा आवळले. सपाट वाजतील म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल काय? की फक्त तुला कळेल? हेही खरं लिही.

लग्नसराई संपली की चार दिवस घरी ये. गिटार आण आणि पेटीतली दांडीही आण. इथे मांडव नाही, कोणाला घाई नाही. तारा उतरल्या तर तू पुन्हा लाव, आम्ही बसून राहू. स्क्रू मी सोडून देईन, जाताना पुन्हा बसवून देईन. फक्त प्रत्येकाचे किती फेरे सोडायचे ते नीट कागदावर लिहून आण. ढिलं करायचं काम मी अंदाजाने करणार नाही.

तोवर गाडीत गिटार मांडीवर घेत जा. घरचा लोभ आहे, तो सांगायला लागू नये.

तुझा आबा,
अण्णाजी