साबणाचा आळ आणि न मिळालेले इन्सुलिन

प्रति,
मा. संचालक साहेब,
ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा.

विषय : ताटल्यांतले मांस माझ्या साबणामुळे वाढत नाही, हा आळ काढून टाकणेबाबत.
संदर्भ : भांडारप्रमुखांचे गेल्या आठवड्यातले मंगळवारचे पत्र.

महोदय,

१. मी आपल्याकडे एकवीस वर्षे काचसामान धुते. शाळा चौथीपर्यंत. चार पोरं वाढवली, तीन सुना नांदवल्या. स्वच्छ कशाला म्हणतात हे मला भांडारप्रमुखांनी शिकवू नये.

२. संशोधक बाई कोंबडीच्या गर्भातला स्नायू काचेच्या ताटल्यांत वाढवतात. दोन महिने झाले, तो वाढेना. भांडारप्रमुखांनी लिहिले की ताटल्यांना साबण राहतो. येत्या शनिवारपर्यंत कबुलीजबाबावर सही करा, नाहीतर कामावरून कमी.

३. खरे कारण त्यांच्याच खिडकीत अडकले आहे. बाईंनी इन्सुलिनची मागणी तीनदा दिली. तिन्ही वेळा शेरा : "रुग्णाचे नाव व डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी." मी स्वतः जाऊन सांगितले, अहो, आजारी कोणी नाही, ते त्या स्नायूला लागते. तर म्हणाले, "आजी, मांसाच्या तुकड्याला कधी मधुमेह होतो का?" आणि खिडकी लावून घेतली.

४. बाईंनी मला समजावले ते असे. स्नायू ज्यात वाढवतात त्या लाल पाण्यात साखर आहे, अमिनो आम्ले आहेत, म्हणजे विटा आहेत. पण प्रथिने बांधायचा हुकूम इन्सुलिन देते. हुकूम नसेल तर गवंडी विटांवर बसून राहणार. भांडारप्रमुखांना हे कळायला जड जाऊ नये. त्यांच्याकडेही सामान खच्चून भरले आहे आणि हलत काही नाही.

५. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडे इन्सुलिन उरले होते. मी बारा ताटल्या एकाच टबात, एकाच साबणाने धुतल्या. सहांत बाईंनी ते घातले, सहांत नाही. पाचव्या दिवशी मोजले तर पहिल्या सहांत प्रथिने दीडपट. साबण काय तोंड बघून चिकटतो?

६. यावर भांडारप्रमुखांचे म्हणणे, मोजणाऱ्या बाई माझ्या बाजूच्या. मग मोजणाऱ्या यंत्राकडूनही कबुलीजबाब घ्यावा.

७. बाटली आता संपली. वाढलेल्या सहा ताटल्याही आजपासून उतरणीला लागल्या आहेत. तरी इन्सुलिन द्यावे आणि आळ लेखी मागे घ्यावा. मला सही येते. म्हणूनच ती कशाखाली करायची हे मी ठरवते.

आपल्यापुरती नम्र,
(सही)
काचसामान धुणारी
गुरुवार

सोबत :
मोजणीचा कागद.
मागणीपत्रे तीन, शेऱ्यांसह.
कबुलीजबाब एक, सही न करता परत.