भिंतीकडचं दार

१२ जानेवारी, सोमवार

गाडीने आज मला आत घेतलं नाही.

नवी गाडी येऊन जेमतेम दोन महिने झालेत. हिच्या दाराला हँडल दिसत नाही. ते पत्र्यात सपाट दडून बसतं आणि चावी घेऊन जवळ गेलं की आपोआप बाहेर येतं. शोरूममध्ये ते पाहून टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. आज सकाळी सात वाजता चावी घेऊन जवळ गेले. मागे सरले, पुन्हा पुढे आले. चावी हवेत ओवाळली. आतून मोटर घुर्र करते, हँडल नखाएवढं बाहेर येतं आणि परत आत जातं. जीभ दाखवल्यासारखं.

सातचा शिकाऊ म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. फुटपाथवर पाच मिनिटं शांतपणे उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, गाडी कशी उघडायची हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं का? मला आठवत नाहीये."

एकोणीस वर्षं गाडी शिकवतेय. आज रस्त्यात उभं राहून तास घेतला — आरसे, सिग्नल, सगळं तोंडी.

१३ जानेवारी, मंगळवार

चारपैकी तीन हँडलं बंद. मागचं, भिंतीकडचं, तेवढं एक चालतं. पण गाडीचा मागचा भाग आणि भिंत यांच्यामध्ये जागा किती? वीतभर. मी प्रयत्न केला. अर्धी गेले, मग ना पुढे ना मागे. शेजारच्या काकू गच्चीतून बघत होत्या. मग आत जाऊन खुर्ची घेऊन आल्या.

शेवटी बाबा घरातून आले. वय चौऱ्याहत्तर, वजन छत्रीएवढं. भिंतीला पाठ लावून सरकत गेले, दार उघडलं, आत शिरले आणि आतून बाकीची दारं उघडून दिली. आतली हँडलं व्यवस्थित आहेत.

"या, बसा," म्हणाले. गाडी त्यांचीच असल्यासारखे.

१४ जानेवारी

कंपनीला फोन. बाई गोड आवाजात म्हणाली, गाडी दहा वेळा लॉक-अनलॉक करा. केलं. मग म्हणाली, चावीतला सेल बदला. बदलला. मग म्हणाली, गाडी "झोपू द्या", वीस मिनिटं जवळ जाऊ नका. वीस मिनिटं बेकरीत जाऊन बसले. परत आले, गाडी झोपलेलीच.

१५ जानेवारी, गुरुवार

आजचे उपाय: केस वाळवायचं मशीन (थंडीने अडकत असेल, असं बेकरीवाल्याचं मत). कोमट पाण्याचं फडकं. बाहेरून थाप — हळू. बाहेरून थाप — हळू नाही. हात दुखतोय.

काच उघडी ठेवून बाहेर पडावं, मग हात घालून आतून दार उघडावं, ही माझी युक्ती. पण गाडी लॉक होताना काच स्वतःहून वर करते. एवढी अक्कल आहे, हँडलापुरतीच नाही.

नंतर रस्त्यावर, भिंत नसताना, एकटीनेच मागच्या दारातून आत शिरून पुढे हात लांबवला. कमरेत उसण भरली. तशीच ओणवी राहून बाबांना फोन केला.

१९ जानेवारी, सोमवार

ठरलं. दुरुस्ती होईपर्यंत बाबा मागच्या सीटवर. शिकाऊ बदलताना सगळे उतरले, दारं लागली, की संपलं. आत कुणीतरी लागतंच. बाबा सकाळी साडेसहाला तयार. इस्त्रीचा शर्ट. कंगवा खिशात.

नऊ वाजता नवीन शिकाऊ आल्या, निवृत्त न्यायाधीश. सदुसष्ट वर्षांच्या, पाठ ताठ, आवाज असा की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. मी हँडलाबद्दल सांगायला लागले, तेवढ्यात बाबांनी आतून दार उघडलं. "यावं," म्हणाले. आम्हाला कधी "यावं" म्हणाले नाहीत.

बाई ताशी अठरा किलोमीटरने चालवतात. एक सायकलवाला पुढे गेला आणि काळजीने वळून बघत राहिला.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल दुपारी वर्कशॉपला नेली. चारही हँडलं टुणकन बाहेर! एकदा नाही, सात वेळा. फोरमन माझ्याकडे बघतोय, मी गाडीकडे बघतेय.

"मॅडम, यात काही दोष नाही."

"सकाळी येत नाहीत हो."

"मग दुपारी शिकवा."

घरी आणली. आज सकाळी पुन्हा जीभ.

२८ जानेवारी, बुधवार

तीन शिकाऊ सोडून गेले. एकीच्या आईचा फोन होता, "मागे कोण आजोबा बसतात म्हणे, आणि ते सूचना करतात." खरं आहे, करतात. काल बेकरीवाल्याला म्हणाले, "ब्रेक म्हणजे कणीक नाही, एवढं दाबू नका." बेकरीवाला म्हणाला, "कणीक अशी दाबत नाहीत." मग दोघांचा कणकेवरून वाद. लाल दिवा हिरवा होऊन परत लाल झाला.

पण शाळा अशीच चालली तर उन्हाळ्यापर्यंत मीच काय ती शिकाऊ उरेन.

न्यायाधीशबाई मात्र नियमित. दोनच तास घेणार होत्या, आता आठवड्याला चार घेतात. प्रगती शून्य. आज ताशी सोळा. मागे बाबा त्यांना सांगत होते की जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा टोला चुकायला लागला की ते घड्याळ आपल्याला हाक मारत असतं. बाई म्हणाल्या, "आमच्या कोर्टातलं घड्याळ तीस वर्षं सव्वाचारच दाखवत होतं. वकिलांना ते फार आवडायचं."

दोघं हसले. मी एकटीच रस्त्याकडे बघत होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच बेकरीवाल्याची परीक्षा. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

परीक्षेच्या वेळी गाडीत फक्त उमेदवार आणि परीक्षक. बाबांना उतरावं लागलं. ते उतरताना माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. बेकरीवाल्याला शंभरदा बजावलं होतं, "उतरू नका. काही झालं तरी उतरू नका."

परीक्षक टाय लावलेले, हातात फायलीचा पुठ्ठा. पहिलंच वाक्य, "उतरून टायर तपासून दाखवा." बेकरीवाला आज्ञाधारक. उतरला. दार लावलं. परीक्षकही उतरले. दार लावलं.

सात-आठ मिनिटं ते दोघं गाडीभोवती फिरत होते. मी बाकावर बसून डोळे मिटले. भिंतीकडचं दार नेमकं मैदानाच्या कुंपणाच्या खांबाला खेटून, बेकरीवाल्यानेच गाडी तशी लावली होती. फार सुबकपणे.

"आत जायची दुसरी सोय?" परीक्षक.

"डिकी, सर," बेकरीवाला.

डिकीखाली पाय हलवला की ती उघडते. उघडली. आता आत कोण जाणार? बेकरीवाला स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाला, "सर, माझी इच्छा आहे, पण..."

परीक्षक गेले. आधी पुठ्ठा, मग टाय, मग ते. मागच्या सीटची पाठ ओलांडताना एक बूट बाहेर राहिला. बाबांनी तो उचलून अदबीने आत दिला.

निकाल — नापास. शेरा: "वाहनात प्रवेश करता आला नाही."

बेकरीवाला परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "टायर मात्र बरोबर तपासला होता मी."

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवली होती. म्हटलं, सकाळी सात वाजता तुम्हीच बघा. फोरमनने पाहिलं. जीभ. त्याचा चेहरा पडला, मला फार बरं वाटलं.

दाराचं आतलं आवरण काढलं. हँडलाच्या मागे जाड काळा राप. फोरमन बोटावर घेऊन म्हणाला, "तेल. कुणीतरी फटीतून तेल सोडलंय. त्यात धूळ बसून चिखल झालाय. सकाळी गारठ्याने घट्ट होतो, दुपारी उन्हाने सैल. मोटर बिचारी काय करणार."

तिन्ही दारं साफ केली. टुणकन, टुणकन, टुणकन. मी फोरमनचा हात हातात घेऊन हलवला.

घरी येऊन बाबांना सांगितलं, "झालं एकदाचं. उद्यापासून तुम्ही घरी आराम करा."

"बरं," म्हणाले. इस्त्री केलेला शर्ट परत कपाटात ठेवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तीन हँडलं बंद. पाच दिवस चालली फक्त.

भिंतीकडचं चालू.

बाबा चप्पल घालूनच तयार होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

फोरमनने परत दार उघडलं. या वेळी काळं काही नाही. तेल ताजं, सोनेरी, टपटप खाली गळतंय. हुंगून म्हणाला, "मॅडम, हे गाडीचं नाही. बारीक कामाचं तेल आहे. घड्याळाला वगैरे घालतात ते."

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली.

रात्रीचं जेवण झाल्यावर विचारलं, "बाबा, घड्याळात तेल किती घालायचं असतं?"

"सुईच्या टोकावर राहील तेवढं. जास्त झालं की घड्याळ बसलंच."

"आणि दारात?"

ताटातलं शेवटचं शीत बोटाने गोळा करत राहिले. मग म्हणाले, "अर्धी बाटली."

"का पण?"

"पहिल्यांदा चांगल्या मनाने घातलं गं. नवी वस्तू, कुरकुरू नये म्हणून. भिंतीकडे बाटली पोचली नाही, म्हणून ते दार राहिलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तू म्हणालीस, घरी आराम करा."

मी फार बोलले. नको तेवढं बोलले. शिकाऊ गेले, बेकरीवाला नापास झाला, तो परीक्षक आता माझ्या कुठल्याही उमेदवाराला नीट बघणार नाही — सगळं काढलं. ते ऐकून घेत बसले. उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

अबोला. हँडलं उत्तम.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज संध्याकाळी साडेसहाला घरी आले, नेहमीपेक्षा दीड तास लवकर. बाबा बैठकीत बसलेले. टीव्ही बंद. पुढ्यात काही नाही, हातात काही नाही. मला पाहून दचकले आणि चटकन कालचा पेपर उचलला.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. दुकान बंद होऊन एक. या एका वर्षात ते दिवसभर काय करतात हे मी कधी विचारलं? सकाळी निघते तेव्हा "येते" म्हणते, आल्यावर "जेवलात का". मधले तेरा तास माझ्या हिशेबात नाहीतच.

तीन आठवडे हा माणूस मागच्या सीटवर बसून बेकरीवाल्याशी भांडत होता. किती खूश होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

चहा देताना म्हटलं, "उद्या साडेसहाला निघायचंय."

"हँडलं तर चालतात."

"चालू देत. मागे बसून तुम्ही सूचना करता, त्या निम्म्या बरोबर असतात."

"निम्म्या?" म्हणाले. मग इस्त्री तापत ठेवली. तेलाची बाटली स्वतःहून माझ्या हातात आणून दिली, पोलिसाकडे हत्यार द्यावं तशी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

न्यायाधीशबाईंना तेलाचं सगळं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली (अचूक, मला आश्चर्य वाटलं), आरशात बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "आरोपीला गुन्हा कबूल आहे?"

"आहे."

"पश्चात्ताप?"

बाबा विचार करून म्हणाले, "दुसऱ्या वेळचा नाही."

बाई तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीवाला पास! तेच परीक्षक. गाडीपाशी आले, हँडल टुणकन बाहेर आलं, तरी ते दोन पावलं मागेच उभे. बेकरीवाल्याने दार उघडून धरलं तेव्हाच बसले. उतरल्यावर बुटांच्या नाड्या तपासल्या.

बेकरीवाल्याने आम्हा दोघांना मोठा केक दिला. बाबांना सांगून टाकलं, "कणीक कशी दाबतात ते दाखवायला या एकदा पहाटे." बाबा जाणार आहेत.

१ मार्च, रविवार

सकाळी न्यायाधीशबाई घरी आल्या. स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत. आमच्या गल्लीत एका दमात रिव्हर्स घेऊन लावली. लायसन्स एकतीस वर्षांपूर्वीचं आहे. मी आजवर कधी मागितलंच नव्हतं, न्यायाधीशांकडे कागद कोण मागणार. सवय मोडली होती म्हणून दोन तास सराव हवा होता, म्हणाल्या. "तुमचे वडील मागे बसलेले निघाले, म्हणून एकवीस झाले."

बाबा इतका वेळ टेबलाची कड पुसत होते. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात लग्न करावं म्हणतो. तुला चालेल ना गं?"

चालेल म्हटलं. मग आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा एकदा धुतली.