आज साडेपाचची वेळ घेतली आहे

वेदिका,

तू घरी येशील तेव्हा मी मारतहळ्ळीला असेन. तू जातेस त्याच समुपदेशन केंद्रात, पण दुसऱ्या बाईंकडे, साडेपाचची वेळ घेतली आहे.

गेल्या महिन्यात तुझी तिथली पावती दिसली तेव्हा मी विचारलं होतं, "ऑफिसचा विमा असताना पदरचे पैसे का भरतेस?" तू म्हणालीस, "बाबा, क्लेम केला की आजाराचं नाव लिहून द्यावं लागतं." मला तेव्हा ते पटलं नाही. काल मी माझ्या पेन्शनवाल्या मेडिकलचा फॉर्म भरायला बसलो आणि आजाराच्या रकान्यापाशी अडलो. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी हॉलमधल्या सोफ्यावरच झोपतो. याला काय म्हणतात? शेवटी फॉर्म ठेवून दिला आणि पैसे खिशात घातले.

तिथे तू तासभर काय बोलतेस, याची आता फार उत्सुकता वाटते. आधी त्या बाई विचारतात, की आपणच सुरुवात करायची?

सांबार केलंय. भात स्वल्प कमी आहे, थोडा लावून घे. आठपर्यंत येतो. आल्यावर काय झालं ते विचार, मी सांगेन. तुला वाटलं, तर तुझंही ऐकेन.

बाबा