खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

बाई,

काल नेपियर टाउनमधली आपली खोली मी रिकामी करून दिली. पहिल्या रविवारचं आपलं मंडळ बंद झालं. ही बातमी तुम्हाला देणं माझं काम आहे. तुम्ही ऐकायला नाही आहात हे ठाऊक असूनही ते टाळता येईना, म्हणून लिहायला बसले.

मी मानसशास्त्रात एम.ए. करून जबलपूरच्या कारखान्यात प्रशिक्षण विभागात तुमच्या हाताखाली लागले, तेव्हा आपल्या कामाला संघटन विकास म्हटलं की लोक विचारायचे, कोणत्या पक्षाचं काम करता? तुम्ही मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी दवाखान्यावरच्या त्या खोलीत बँकेतले, रुग्णालयातले, शाळांतले मोजके लोक जमवत होतात. एकाच संस्थेतली माणसं एकमेकांशी नीट का वागत नाहीत, हे शोधायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं होतं, असे लोक. नियम एकच होता. ज्याला अडचण मांडायची त्याने ती मांडायची, मग आपली खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचं. बाकीचे बोलतील ते पाठीने ऐकायचं. चहा येईपर्यंत वळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही.

पहिल्यांदा मी बसले ती सिहोऱ्याच्या सहकारी संस्थेचं काम बिघडवून आल्यावर. तिथल्या वजनकाट्यावरचे आणि कचेरीतले एकमेकांशी बोलत नव्हते. मी दोन्हीकडच्यांना उभं करून कसं वागावं ते सांगितलं होतं, आणि आता ते माझ्याशीही बोलत नव्हते. मी खुर्ची फिरवली. मागून तुमचा आवाज आला, "सगळ्यांले उत्तरं देऊन राहिली ही. विचारून कोणालेच नाही राहिली." बँकेतले काका म्हणाले, "काहून विचारेल, बाई? तिले सगळं माहीतच आहे." सगळे हसले. मी खिडकीतून खालच्या स्कूटर बघत राहिले आणि डोळे वाहत राहिले. परतताना जिन्यात मी विचारलं, ही कसली शिक्षा? तुम्ही कठडा धरून थांबलात. "शिक्षा नाही वो. रडू आलं तर माणसाले जागा पाहिजे ना. आणि बोलणाऱ्यालेही पाहिजे. तोंडावर खरं कोण बोलते?"

पुढचं सगळं त्या खोलीतूनच आलं. काकांनी त्यांच्या बँकेत माझं नाव सांगितलं, तिथल्या कामावरून रुग्णालयाने बोलावलं, मग नागपूर, रायपूर, भोपाळ. लोक मला मोठी सल्लागार म्हणू लागले तरी पहिल्या रविवारी मी जबलपुरात असे. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. त्याच आठवड्यात बैठक होती, खुर्च्या मांडायच्या होत्या. पहिला रविवार येत होता तोवर तुम्ही पुरत्या गेला नव्हतात, बाई. मी तसंच धरून चालले होते.

गेल्या बैठकीला चारच जण आले. सगळी तरुण, कामं पुण्या-बेंगळुरूची, बोलणं हिंदीत, मला दीदी म्हणणारी. मीच अडचण मांडली. म्हटलं, एक जुनं मंडळ आहे, माणसं गळत चालली आहेत, काय करावं? वेळ बदला, जागा बदला, असं काही ऐकायला मिळेल या खात्रीने मी खुर्ची फिरवली. मग एक मुलगी, घरची मराठीच, पण मराठी फक्त ऐकणारी, बोलणारी नाही, म्हणाली, "सच बोलूँ? हम सब दीदी के लिए आते हैं. काम की बात तो फोन पर हो जाती है."

"तो दीदी से कहे कौन?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

"कह तो दिया अभी."

कोणी हसलं नाही. मग तीच मुलगी, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "पण दीदी एकट्या पडतील ना."

उत्तर द्यायचं नव्हतं. समोरच्या कोचिंग क्लासमधून मुलं बाहेर पडत होती. मी खिडकीची चौकट घट्ट धरून बसले. तुम्ही गेलात ती बातमी मला खरी तेव्हा कळली. चहा आला, कप ठेवल्याचा आवाज आला, पण मी वळले नाही. चहा गार झाल्यावर वळले आणि म्हटलं, ठीक आहे, बंद करू. त्या मुलीने माझे हात हातात घेतले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरगी तयार झाली. झाली आहे. फक्त तिला आता मंडळाची गरज नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा काल काय कोणाला दिलं तेवढं नोंदवून ठेवते. खोलीची किल्ली खालच्या डॉक्टरांच्या सुनेला दिली. फळा आणि सतरंजी कमानिया गेटजवळच्या मुलींच्या शाळेला. चहाची किटली त्या मुलीला, तिने मागितली म्हणून. खुर्च्याही शाळेलाच दिल्या. सगळ्या दिल्या असं मी शाळेत सांगितलं. एक दिली नाही. ती इथे माझ्या खोलीत आहे, आणि मी हे तिच्यावरच बसून लिहिते आहे, खिडकीकडे तोंड करून. मागे कोणी बोलत नाही.