उन्हाळ्याचं एकच पुस्तक

॥ श्री ॥

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर
१४ मे २०२५

चि. अंबरीश यास पद्माआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असल्याचं कुजबुजतोस, आणि मग मीही इथे उगाच कुजबुजायला लागते. शालिनीताई विचारतात, घरात कोण झोपलंय? म्हणून हे जाड स्केचपेन घेऊन बसले आहे.

काल त्याच शालिनीताई बगलच्या घरातून अखबार नाचवत आल्या. बड्या कंपन्यांच्या साहेबांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला पुस्तकं सुचवली आहेत, आणि त्यात टाय लावलेला आमचा अंबू! बिलकुल ओळखू आला नाहीस. हनुवटी एवढी वर कशाला केली होतीस रे? सगळ्या गल्लीत तो अखबार फिरला. मिठाईवाल्यानं विचारलंन, कूलरच्या कंपनीचा साहेब पुस्तकं वाचतो केव्हा. मी सांगून टाकलं की लहानपणीच वाचून ठेवली आहेत.

खाली छापलंय की श्री. अंबरीश रोज पहाटे उठून कॉफी घेत तासभर वाचतात. हे कोण बाई नवीन श्री. अंबरीश? इंदूरहून दर सुट्टीला माझ्याकडे येणारा अंबरीश तोंडावर ऊन आल्याखेरीज उठत नसे, आणि कॉफीनं त्याच्या छातीत जळजळतं. असो. मोठ्या माणसांबद्दल काहीही छापतात.

आता कामाचं, आणि घाबरू नकोस. उजवा डोळा गेल्या वर्षी गेला, ते तुला ठाऊकच आहे. आता डावाही त्याच वाटेवर आहे. जूनच्या अखेरीस ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर भला माणूस, खोटा धीर देत नाही. नजर राहील की जाईल, सांगता येत नाही म्हणाला. सध्या सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास अक्षर लागतं, मग सगळं पुसट. म्हणजे तोवर माझं एक पुस्तक होईल. आणि तू तर पाच सुचवून बसलायस.

आपल्या घरचा कायदा आठवतो ना? सुट्टीला आलेल्या पोरानं मला एक पुस्तक सुचवायचं, आणि ते कसंही असलं तरी मी शेवटपर्यंत वाचायचं. त्या कायद्यापायी तू मला क्रिकेटच्या नियमांचं अख्खं पुस्तक वाचायला लावलं होतंस, मेल्या. तेही मी सोडलं नाही. तेव्हा पाचातलं कोणतं, ते नीट विचार करून कळव. कदाचित माझ्या डोळ्यांनी वाचलेलं ते शेवटचं असेल. ते तू दिलेलं असावं, असं मला फार वाटतं.

श्रुतीला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याच्या कॉफीवर लक्ष ठेव. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
पद्माआत्या


पुणे
२१ मे २०२५

ती. पद्माआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जीव खालीवर झाला. ऑपरेशनचं एवढ्या उशिरा कळवतात का? श्रुती म्हणते, सरळ पुण्याला घेऊन या, इथे चांगले डॉक्टर आहेत. तू हो म्हण, तिकीट मी काढतो. मला स्वतःला मात्र आत्ता हलता येत नाही. मे-जून म्हणजे आमचा वर्षाचा धंदा. गोदामं रिकामी होतायत, आणि दुकानदार जेवू देत नाहीत.

तुला वाचता यावं म्हणून हे पत्र मोठ्या टायपात छापून घेतलंय.

पुस्तकाचं म्हणशील तर तिसरं घे, जहाजं बांधणाऱ्या त्या उद्योगपतीचं चरित्र. सगळे त्याची फार तारीफ करतात. आजच कुरिअरनं पाठवतो.

डोळ्यांना जप. घाईत आहे, तरी लोभ पूर्वीसारखाच असू दे.

तुझा,
अंबरीश


॥ श्री ॥

दाना ओली, ग्वाल्हेर
२ जून २०२५

चि. अंबरीश यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. पुस्तक कसलं, पाटाच तो! मांडीवर पेलत नाही, म्हणून स्टुलावर उशी, उशीवर पुस्तक आणि त्यावर भिंग घेऊन मी, असा रोज सकाळचा तमाशा असतो. तुझ्या कंपनीचा कूलर चालू केला की पानं फडफडतात, म्हणून तो बंद ठेवून घाम पुसत वाचते. लूच्या गरम झळा इतक्या चालू आहेत की फूलबागेत फिरणं कधीच सोडलं.

पुण्याला मी येत नाही. माझा इथल्या डॉक्टरवर भरोसा बसलाय, आणि या वयात नवीन भरोसा कुठून आणू?

आता पुस्तक. इतके दिवस वाचते आहे, आणि त्या माणसाचे अजून आजोबाच जन्मलेत. आजोबांचं बंदर, आजोबांची दाढी, आजोबांचा पहिला दोरखंड. अर्धा तास संपतो, अक्षरं पुसट होतात, आणि मी आपली त्या बंदरावरच उभी. शालिनीताईंनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण त्या स्टेशनवर गाडी आल्याचं सांगावं तसं वाचतात. मलाच सामान उचलावंसं वाटतं.

अंबू, एक विचारू? सगळे तारीफ करतात असं तू लिहिलंस. तुला कसं वाटलं, ते नाही लिहिलंस. लहानपणी पुस्तक माझ्या हातात देतानाच तू पुढची मजा सांगायला लागायचास. तुझं तोंड दाबून धरावं लागायचं. म्हणून विचारते, तू हे वाचलंयस ना रे?

वाचलं नसशील तरी मी तडीस नेणार, कायदा तो कायदा. पण तसं असेल तर सांगून टाक. मी रोज त्यात तुला शोधत बसते. या ओळीला हसला असेल, इथे थांबला असेल, असं म्हणत एकेक पान वाचते. तू त्यात नसशीलच, तर मी तेवढं तरी थांबवीन.

रागावले नाही हो. माया आहे म्हणूनच विचारते आहे.

तुझी,
पद्माआत्या


पुणे
१० जून २०२५

ती. पद्माआत्यास सा. न. वि. वि.

आत्या, ते पुस्तक आधी मिट. आजपासून एक पान वाचायचं नाही, तुला माझी शपथ.

मी ते वाचलं नव्हतं. पाचांतलं एकही नाही. यादी आमच्या जाहिरात विभागातल्या अश्लेषानं केली, पहाटेची कॉफीसुद्धा तिनंच पाजली. आणि तू तुझा सकाळचा अर्धा तास त्या आजोबांच्या दाढीवर घालवत होतीस, त्यात मला शोधत! तुझं पत्र वाचून ऑफिसचं दार लावून घेतलं आणि चांगला रडलो. मला माझी फार लाज वाटली.

मग या आठवड्यात पाचही वाचून काढली. एक, समोरच्याला बोलण्यात गुंडाळायचं कसं यावर. एक सवयींवर, ते वाचून मला एकच सवय लागली, घड्याळाकडे बघायची. एकात यंत्रं माणसांचं काय करणार ते सांगितलंय, आणि वाचून माणसाला झोप येते. जहाजवाला पुढेही सुधारत नाही, त्यापेक्षा आजोबा परवडले. पाचवं मात्र अश्लेषानं आपल्या आवडीचं हळूच घुसवलेलं. डोंगरातल्या बसवर कंडक्टर असलेल्या एका बाईची लहानशी कादंबरी. ती मी ओट्यापाशी उभा राहून वाचत होतो, आणि समोरचं दूध उतू गेलेलं मला कळलं नाही. श्रुती धावत आली, आधी ओरडली, मग माझ्याकडे बघून हसायला लागली. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं गं.

सुचवायचं तर हे एकच. पण कुरिअरनं पाठवत नाही, घेऊन येतो. शनिवारच्या गाडीनं निघतोय, ऑपरेशन होईपर्यंत तिथेच राहणार. ऑफिसात सांगितलं तर सगळे बघतच राहिले. बघू देत. कूलर मला विचारून गार हवा देत नाहीत.

रोज सकाळी मी वाचून दाखवीन. तू मात्र डोळे मिटून ऐकायचंस. जी काही नजर आहे ती शिणवायची नाही. कायद्यात एवढी दुरुस्ती करून घे. पन्हं तयार ठेव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अंबू


॥ श्री ॥

दाना ओली, ग्वाल्हेर
१६ जुलै २०२५

चि. अंबू यास पोटभर आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. मला दिसत नाहीयेत, तू सोडवून वाच.

परवाच्या तपासणीचं शालिनीताईंनी तुला फोनवर सांगितलंच आहे. उजेड कळतो, दारात कोणी आलं तर सावली हलते. अक्षर नाही. डॉक्टर आणखी वाट बघायला सांगतात, पण त्यांच्या आवाजावरूनच मी समजले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन्ही दिवस शालिनीताईंच्या गळ्यात पडून रडले. आज सकाळी आंघोळ करून स्वतः चहा टाकला. नीट झाला, साखर तेवढी जास्त पडली.

तू गेल्यापासून घर खायला उठतं. आणि एक गोष्ट तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, ती लिहिते.

तू बजावून ठेवलं होतंस, डोळे मिटून ऐकायचं. तू पुस्तक उघडून माझ्याकडे बघायचास, तोवर मी मिटलेले असायचे. तुझी मान खाली गेली की उघडायचे. रोज. तो अख्खा अर्धा तास मी तुला बघत होते.

कानशिलांवर चांगलाच पांढरा झालायस. वाचताना तुझी डावी भुवई वर चढते, दादाची चढायची तशीच. तुझ्या बापाला शाळेत त्यावरून चिडवायचे. दाढी करताना गळ्याशी थोडे केस दररोज राहून जातात. पुढे गंमत आली की वाक्य यायच्या आधीच तुझे ओठ हसायला लागतात. मी सगळं बघून घेतलं, अगदी मनासारखं. आता कोणी दिवा मालवला तरी मला ते दिसतं.

मात्र त्या नादात त्या कंडक्टर बाईंचं एक अक्षर माझ्या कानात शिरलेलं नाही. तू विचारशील या धाकानं मी नुसती हूं हूं करत होते. ती बाई कुठली, बस कुठे जाते, पुढे तिचं काय झालं, मला काहीसुद्धा ठाऊक नाही.

श्रुतीला आशीर्वाद. लोभ वाढव असं लिहीत नाही, आता वाढायला जागा उरलेली नाही. रविवारी फोन कर आणि पहिल्या पानापासून वाच. आता मी ऐकते.

तुझी,
पद्माआत्या