पासवर्ड न विचारता मिळालेलं उत्तर

चाचा, आज ऑफिसातल्या नव्या मुलीला अकोल्याच्या सर्व्हरला जोडायला शिकवत होते आणि तुमची आठवण आली. खोटं कशाला बोलू, काळी स्क्रीन उघडली की ती दर वेळी येते. तुम्ही जाऊनही आता किती वर्षं झाली.

अकोल्याच्या बियाणं तपासायच्या लॅबमध्ये मी लागले तेव्हा माझ्याकडे डिग्री होती आणि तुमच्याकडे अक्कल. हुद्द्यानं तुम्ही साधे मदतनीस, पण वाळूच्या ट्रेमधल्या सोयाबीनच्या कोंबांवरून नुसतं बोट फिरवत आकडा सांगायचे, आणि साहेब दोनदा मोजून शेवटी तिथंच यायचे. मी तोंडात बोट घालून बघत राहायची. पहिल्याच आठवड्यात मी एक ट्रे मोजला, चांगले कोंब वेगळे, वाकडे वेगळे, आणि कागद ऐटीत तुमच्यासमोर धरला. तुम्ही कागद पाहिलाच नाही. ट्रेवरची चिठ्ठी पाहिली. "बेटा, मोजलं तं बराबर. पन मोजलं कोनाचं?" शेजारच्या लॉटचा ट्रे होता तो! मी पुन्हा मोजेपर्यंत तुम्ही समोर स्टुलावर बसून राहिलात, माझा डबा बंद, तुमचाही बंद. असा राग आला होता मला तुमचा, काय सांगू.

मग माझी अमरावतीला बदली झाली. ती वर्षं फार वाईट होती, सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची. पेरलेलं उगवत नव्हतं, बाजारातली कोणती बॅग खरी नि कोणती खोटी ते कुणाला कळत नव्हतं. म्हणून लॅबचे निकाल अकोल्याच्या, तुमच्याच लॅबमधल्या सर्व्हरवर ठेवायला लागले आणि आमच्या टेबलावर एक कॉम्प्युटर आला. त्यात चित्र नाही, बटण नाही. प्रोग्रामचं नाव टाकायचं, पुढे अकोल्याच्या सर्व्हरचा पत्ता, मग आपलं नाव. मग तो पासवर्ड विचारायचा, आणि टाइप करताना स्क्रीनवर एक अक्षर उमटायचं नाही. मी घाबरून तुम्हाला फोन लावला तर तुम्ही हसलात. "दिसत नाही, पन घेते थे. टाकत राह्य." एंटर मारलं. कॉम्प्युटर अकोल्याला जोडणारी फोनची लाइन कुरकुरली. आणि बाप्पा! सकाळी अकोल्यात तुम्ही मोजलेले कोंब माझ्यासमोर ओळीनं उभे, शेवटच्या खान्यात मोजणाऱ्याचा नंबर, तुमचा. एका बोटानं टाइप करणारा माणूस, आणि त्याचं काम शंभर किलोमीटरवर असं क्षणात हजर! माझ्या अंगावर काटा आला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "कावून रडून राहिली वं?"

आता त्या दिवसाचं. चांदूर बाजारकडच्या एक मावशी आल्या, हातात बियाण्याच्या बॅगेची चिठ्ठी. एकदा पेरलेलं जळालं होतं, ही दुसरी बॅग. "पोरी, पाहून सांग वं. उद्या पेरतो. हेबी नाही उगवलं तं वर्ष गेलं आमचं." मी घाईत प्रोग्राम उघडला, चिठ्ठीवरचा लॉट नंबर टाकला, विचारलं, हा नापास आहे का? उत्तर आलं, शून्य ओळी. म्हणजे नापास नाही. "बिनघोर पेरा मावशी," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि गेल्या.

पुढ्यात चहा आला तेव्हा डोक्यात आलं, आज पासवर्ड विचारलाच नाही. अकोला पासवर्डाशिवाय कधी आत घेत नाही! वर पाहिलं तर मी सर्व्हरचा पत्ताच टाकला नव्हता. पत्ता नसला की हा प्रोग्राम अकोल्याला जातच नाही, आपल्याच मशीनमध्ये विचारतो, आणि आमच्या मशीनमध्ये सरावासाठी ठेवलेले गेल्या वर्षीचे लॉट होते. उत्तर बरोबर होतं. पण कोणाचं?

पत्ता टाकून पुन्हा विचारलं. एकच ओळ आली. नापास, निम्मंही उगवलं नाही, दोनदा मोजलं, आणि पुढे तुमचा नंबर. मी चपला न घालता ऑटोत बसले. स्टँडवर चांदूर बाजारची गाडी लागली होती, मावशी खिडकीशी. "उतरा मावशी, नका पेरू थे!" "आत्ताच तं म्हनली चांगलं हाय?" सगळी गाडी बघायला लागली. आणि मी म्हटलं, "अकोल्याची लाइन बिघडली होती, मावशी. तिकडून चुकीचं आलं."

अमरावतीच्या साहेबांनाही तेच सांगितलं. साहेबांनी तुमच्या लॅबला पत्र धाडलं. दोन दिवसांनी तुमचा फोन. "बेटा, लाइन तं चालूच होती." मग विचारलंत, "बाईनं पेरलं तं नाही?" नाही म्हटलं. "मंग झालं. मी लिहून देल्लं, झाडता झाडता माह्याच्यानं केबल हालली म्हनून." मी नुसतं "हो चाचा" म्हटलं. रिटायर व्हायला तुम्हाला वर्षही उरलं नव्हतं, आणि उभ्या नोकरीत तुम्हाला मिळालेला तो एकच मेमो.

तुम्ही मोजलेल्या ओळी अजून सर्व्हरवर आहेत. कधीमधी तुमचा नंबर टाकून बघते. पानंच्या पानं सरकत जातात, एवढं सगळं एका माणसानं मोजलं यावर अजून विश्वास बसत नाही. पण त्या सगळ्यापेक्षा मला त्या "मंग झालं"चं नवल वाटतं. एवढं मोठं मन कुठून आणलंत, चाचा?

केबल हलली नव्हती. हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून इथंच ठेवते. आज त्या मुलीला म्हटलं, पासवर्ड विचारला नाही तर समज, भलतीकडेच विचारून राहिली. एका बाईनं अशी चूक केली होती. "कोण होती वं मॅडम थे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, होती एक, बदलून गेली.