कीप, लीव्ह आणि मुराळी

सिद्धेश्वर धरण वसाहत,
६ मार्च १९७५

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर शेजारच्या धर्मसिंगांचं आहे. माझ्या अक्षरातली पत्रं दोन वर्षं न फोडता परत आली, म्हणून ही चलाखी. आता फोडलंच आहे तर वाचा.

आम्ही इकडे खुशाल आहोत. धरणात पाणी बरं आहे. कालव्याला पाणी सुटल्यापासून ग्यानोबा दिवसभर सायकलवर असतो. 'बंडोपंत सरांना पत्र लिही, पण वाद घालू नको, मला त्यांनीच शिकवलंय,' असं बजावून गेला आहे. अंगणात सांडगे वाळत घातलेत. मला सांडगे घालता येत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. पण ते राहू द्या.

वाद घालत नाही. आपला जुना खेळ खेळू. घरात भांडण पेटलं की तुम्ही मला दोन इंग्रजी शब्द द्यायचात. दोन्हींचे सगळे अर्थ सांगायचे, प्रत्येक अर्थाला एक मराठी वाक्य करायचं आणि मग कोणता शब्द जास्त वजनाचा ते ठरवायचं. तोवर राग निवायचा. लग्नासाठी मी ग्यानोबाचं नाव सांगितलं त्या दिवशी मात्र तुम्ही शब्द दिले नाहीत, एकदम निकालच दिलात. आज शब्द मी देते.

कीप. म्हणजे ठेवणे, राखणे, टिकणे, पाळणे. 'मार्चात दूध टिकत नाही.' 'लोक शेळ्या पाळतात, आमचे बाबा शब्द पाळतात.' या घरात पुन्हा तिचं नाव निघणार नाही, असं तुम्ही म्हणालात आणि पाळलंत. पैकीच्या पैकी गुण.

लीव्ह. म्हणजे सोडणे, निघणे, रजा, शिवाय मागे ठेवून जाणे. 'ग्यानोबाला सध्या रजा मिळत नाही.' 'परभणीला बहिणीकडे जाते असं सांगून ती शेजारच्या रुख्मिणीबाईंकडे किल्ली ठेवून निघाली.'

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, बाबा. आई परभणीला गेलेली नाही. ती इथे आहे. सांडगे तिचेच.

मला आठवा महिना सरत आला आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, हात धजला नाही. औंढ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ आडवं आहे. फिरलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. वसाहतीत कळा सुरू झाल्या तर यष्टीची वाट बघण्यात जीव जायचा, म्हणून आत्तापासूनच हिंगोलीत दवाखान्याजवळ राहा, असं त्यांनी बजावलं आहे. ग्यानोबाची माणसं सगळी तिकडे हट्टा गावी. हिंगोलीत आमचं कुणी नाही, आणि दवाखान्याची मागची भिंत तुमच्या परसातून दिसते. मला भीती वाटते, बाबा. खूप वाटते.

पहिल्या बाळंतपणाला माहेरचा मुराळी न्यायला येतो. मला भाऊ नाही. तुम्ही येणार नाही. मग आईच आली, हातात करंज्यांचा डबा घेऊन! बाईमाणूस मुराळी झाल्याचं तुम्ही तरी कधी ऐकलं होतं का? हट्ट्याहून आलेल्या माझ्या सासूबाई, जनकाबाई, भाकरतुकडा ओवाळून म्हणाल्या, "इहीणबाई, पोरीला खुशाल न्या. पण तुमचं दार उघडं हाय का तिला?"

आई चुलीपुढे जाऊन बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "मी तुला न्यायची आणि तू दारातून परत फिरायचं, हे काही व्हायचं नाही. ते न्यायला आले तर दोघी जाऊ. नाही आले तर दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी पडून राहू. मग पुढे मी तरी त्या घरात काहून जाऊ?"

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, माझ्यापायी तुझा संसार मोडू नकोस. ती कणीक मळत राहिली. तिचा हट्ट तुमच्यापेक्षा लहान आहे, असं आजवर आपण दोघंही समजत होतो.

आता शब्दांचं वजन. मला कायम वाटायचं, हे दोन शब्द एकमेकांचे वैरी. पण आईने किल्ली बरोबर आणली नाही, शेजारी ठेवली. म्हणजे तिने घर सोडलेलं नाही. राखायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. यात मी तुम्हाला गुण देणार नाही.

रविवारी शाळेला सुट्टी असते. दुपारच्या यष्टीला ग्यानोबा फाट्यावर उभा राहील. तुम्ही उतरला नाहीत तर सोमवारी आम्ही दोघी व्हरांड्याची वाट धरू.

पत्र इथेच संपवणार होते, पण आई शेजारी येऊन बसली आहे. ती सांगते ते तसंच लिहिते: "नुसतं बघायला येत असाल तर येऊ नका. न्यायला या. आणि अंगणातून पोरीला नावानं हाक मारा. त्याशिवाय आम्ही बाहेर येत नाही."

नाव खाली लिहिलं आहे.

सुनीती